अँबॅसेडरचं इंजिन बांधलं, तरी खालचा आवाज परत येतो: क्रँक आणि बेअरिंगची झीज कशी तपासायची

समस्या बहुतेकांना ओळखीची असेल. जुनी अँबॅसेडर कामाला येते. इंजिन उतरवून पूर्ण बांधलं जातं: बोर मारला, रिंगा-पिस्टन नवे, क्रँकला (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा) साइज मारली, म्हणजे ग्राइंड करून ठरावीक मापाला बारीक केला, मेन (क्रँक ज्यांवर फिरतो) आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंग नवी. पहिले काही महिने गाडी सुरेख चालते. मग एखाद्या दुपारी खंबाटकी चढून वर आल्यावर ऑइल प्रेशरचा काटा आयडलला खाली बसतो आणि खालून टकटक सुरू होते. मिस्त्री चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढतो, बेअरिंगचा नवा सेट घालतो, आवाज जातो. काही हजार किलोमीटरनंतर तोच आवाज हजर.

माझं म्हणणं एवढंच आहे की बेअरिंग दुसऱ्यांदा गेलं तर दोष बेअरिंगमध्ये शोधू नका. ते मऊ धातूचं असतं, दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीचा भार घेऊन झिजतं आणि झिजताना ती चूक स्वतःवर उमटवून ठेवतं. ती वाचायची, मग क्रँक मोजायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेअरिंग ज्या घरात, म्हणजे ब्लॉकमधल्या किंवा रॉडमधल्या गोल जागेत बसतं, ते घर मोजायचं. क्रँक सगळे मोजतात. घर मोजणारे मला फार थोडे भेटले, आणि परत येणाऱ्या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कोणतं इंजिन

इथे लिहिलंय ते १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. बोर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, मेन बेअरिंग फक्त तीन. उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून अँबॅसेडर घडली. सुरुवातीच्या साइड-वॉल्व्ह इंजिनानंतर हेच ओव्हरहेड वॉल्व्ह इंजिन तिच्यात आलं आणि कित्येक दशकं टिकलं. इंग्लंडमध्ये त्याचं भावंड एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, त्यामुळे त्याची मापं जगभर नोंदलेली आहेत. खाली दिलेले आकडे त्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे आहेत. डिझेल अँबॅसेडरला किंवा नंतरच्या १८०० इसुझूला ते लावू नका. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल हाताशी असेल तर शेवटचा शब्द त्याचा.

चार सिलिंडर, लांब स्ट्रोक आणि तीनच मेन, म्हणजे दोन-दोन सिलिंडरच्या मध्ये एकेक आधार. क्रँक किंचित लवतो आणि मधल्या मेनवर ताण जास्त येतो. हे इंजिन दणकट आहे, पण ढिलाई फार काळ पोटात घालत नाही.

खोलण्याआधी

आवाज कुठला हे आधी ठरवा. बिग एंडचा आवाज मोकळा, टणक असतो. साधारण ४०-५० किमीच्या वेगाने सपाटीवर हलक्या ॲक्सिलरेटरवर आणि पाय उचलताना तो जास्त ऐकू येतो. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगचा करंट तोडा. ज्या सिलिंडरचा तोडल्यावर आवाज दबतो, तिथला बिग एंड. मेनचा आवाज खोल, घुमल्यासारखा, ओढ लागली की येणारा. एका प्लगचा करंट तोडून तो जात नाही, शेजारच्या दोघांचा तोडला तर कमी होतो. थंड इंजिनावर येऊन गरम झाल्यावर जाणारा आवाज बहुधा पिस्टनचा, आणि आयडलला दुहेरी टिकटिक असेल तर गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) तपासा.

मग प्रेशर. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास टाकू नका, चांगला मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण गरम असताना चालत्या गाडीत ३० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ ही या इंजिनाची नेहमीची मर्यादा आहे. काटा कमी दाखवतो म्हणून लगेच क्रँकवर आळ घेऊ नका. ब्लॉकच्या डाव्या अंगाला मागच्या बाजूला घुमटाकार नटाखाली जादा प्रेशर सोडणारा रिलीफ वॉल्व्ह असतो. त्याची सीट झिजली किंवा कचरा अडकला की तेल सरळ परत चेंबरमध्ये जातं. ऑइल पंपाचा रोटर झिजलेला असू शकतो. आणि कॅमशाफ्टची तीन बेअरिंग तर बहुतेक जण विसरूनच जातात. तीही व्हाइट मेटलची (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) असतात, तिथून प्रेशर गळतं आणि दोन-दोनदा इंजिन बांधूनही त्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

आणखी एक तपासणी अगदी फुकट आहे. डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. ब्लॉकवर बसणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल आणि त्याचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, पातळी मात्र वाढलेली दिसते, आणि मालक खूश असतो की गाडी तेल खात नाही. अशा इंजिनात कितीही चांगलं बेअरिंग घाला, ते टिकणार नाही. तेलाला दुधाळ रंग आला असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी येतंय. तेही बेअरिंगला तितकंच घातक.

जुनी बेअरिंग फेकू नका, वाचा

इंजिन उतरवल्यावर कॅप (बेअरिंगवरचं अर्धगोल झाकण) काढण्याआधी प्रत्येक रॉड, त्याची कॅप आणि मेनच्या कॅप सेंटर पंचने खुणा करून घ्या. कारखान्याचे नंबर असतातच, पण मधल्या काळात कुणी अदलाबदल केली असेल तर ते नंबर फसवतात. पुढच्या आणि मागच्या मेनची कॅप घट्ट बसलेली असते. तिला पेचकस घालून उचकटू नका, कॅपमधल्या आट्यांत बोल्ट बसवून ओढून काढा.

एक पुठ्ठा घ्या. त्यावर सिलिंडरचे आणि मेनचे क्रमांक लिहा आणि प्रत्येक शेल (बेअरिंगची अर्धगोल पाकळी) आपापल्या जागी, वरचा वर, खालचा खाली, असा मांडा. भर उजेडात बघा. रॉडमध्ये स्फोटाचा दाब वरच्या शेलवर येतो आणि मेनमध्ये खालच्या, म्हणजे कॅपमधल्या शेलवर. त्यामुळे तिथे थोडी जास्त झीज असणं स्वाभाविक आहे. शंका घ्यायची ती या रिवाजाबाहेरच्या खुणांची.

गोलाईत बारीक रेघा आणि मऊ धातूत रुतलेले चमकते कण दिसले तर इंजिन बांधताना घाण आत राहिली. ग्राइंडिंगचा भुसा, होनिंगची खरड किंवा ब्लॉकच्या तेलवाटेत वर्षानुवर्षं साठलेला गाळ. माझ्या पाहण्यात काही महिन्यांत गेलेल्या बेअरिंगवर ही खूण सगळ्यात जास्त दिसते.

धातू ओढला गेल्यासारखा, पुसटलेला, कडेला काळपट निळा झालेला असेल तर तेल पोहोचलं नाही. एकाच बिग एंडला असं असेल तर क्रँकमधली त्या पिनची तेलवाट बघा. सगळ्यांना असेल तर पंप, चेंबरमधली जाळी किंवा इंजिन कोरडंच चालू केलं गेलं, ही कारणं.

वरच्या शेलवर एका कडेला झीज आणि खालच्या शेलवर विरुद्ध कडेला, अशी तिरकी खूण आली तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. पिस्टनच्या अंगावरही तशीच तिरपी घासणी सापडेल. हा रॉड सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

दोन्ही शेलवर एकाच कडेला झीज असेल तर क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळता, म्हणजे टेपर झालाय. अगदी टोकाला बारीक पट्टी चकाकत असेल तर ग्राइंडिंगवाल्याने कोपऱ्यातली गोलाई मोठी ठेवली आणि शेल तिच्यावर चढतंय.

छोटे खड्डे, पापुद्रे सुटल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे धातू थकला. हे खूप चाललेल्या बेअरिंगवर दिसलं तर ठीक, नव्यावर दिसलं तर घर गोल नाही किंवा गाळा (शेल आणि जर्नलमधली मोकळी जागा) जास्त होता. काळे, खरखरीत डाग म्हणजे गंज: पाणी किंवा फार जुनं तेल.

आता शेल उलटं करा. पाठ बघणं बहुतेक जण टाळतात. पाठ सगळीकडे सारखी, मंद राखाडी दिसायला हवी. तिच्यावर घासून आलेली चकाकी किंवा गोलाईत ओरखडे असतील तर शेल घरात हलतंय. शेल घरापेक्षा किंचित उंच बनवलेलं असतं. कॅप आवळली की ते दाबलं जातं आणि घराला चिकटून बसतं. हा दाब मिळाला नाही की शेल सरकतं, उष्णता ब्लॉककडे जात नाही, आणि शेलला जागेवर धरणारा कान तुटून शेल फिरलं तर तेलाचं भोकच बंद होतं. पाठीमागे कागद, पत्र्याची चिप किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी सापडली तर तुमचं कोडं तिथेच सुटलं. जुन्या इंजिनांत हे खरोखर सापडतं. गाळा कमी करायला कुणीतरी कधीतरी केलेला तो उपाय आहे. त्याने शेल वेडंवाकडं बसतं आणि उष्णतेची वाट बंद होते.

क्रँक मोजणं

मापं जुन्या पद्धतीने थाऊमध्येच देतो, कारण साइज १०, २०, ३०, ४० अशाच बोलल्या जातात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

मेन जर्नलचं मूळ माप २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी. क्रँक पिनचं (बिग एंड बसतो तो जर्नल) १.८७५९ ते १.८७६४ इंच, म्हणजे ४७.६५ ते ४७.६६ मिमी. इथे एक व्यवहाराची गोष्ट. दुकानात सहज मिळणारा २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर पिनला चालतो, मूळ मापाच्या मेनवर मात्र तो उघडतच नाही. मेनसाठी ५० ते ७५ चा लागतो. आणि साइज मारून मेन ५० च्या खाली गेला की पुन्हा लहान मायक्रोमीटर. ज्याच्याकडे एकच आहे तो मेन व्हर्नियरने मोजतो. व्हर्नियरवर अर्धा-एक थाऊचा निर्णय होत नाही. माणूस कितीही अनुभवी असो, ते हत्यार या कामाचं नाही.

मोजण्याआधी मायक्रोमीटरचं शून्य स्टँडर्डवर तपासा आणि क्रँक, मायक्रोमीटर, स्टँडर्ड एकाच जागी रात्रभर ठेवा. उन्हात ठेवलेला क्रँक आणि सावलीतला मायक्रोमीटर यांच्यात २० अंशांचा फरक असेल तर ५० मिमीच्या पोलादात सुमारे अर्ध्या थाऊचा फरक पडतो. विदर्भाच्या मे महिन्यात हा विचार करावाच लागतो.

प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी मोजा, पुढच्या गोलाईजवळ आणि मागच्या गोलाईजवळ. प्रत्येक ठिकाणी एकदा पिनच्या उभ्या दिशेने आणि एकदा त्याला काटकोनात. तेलाच्या भोकावरून मायक्रोमीटर धरू नका. एका जर्नलची चार मापं, सात जर्नलची (तीन मेन, चार पिन) अठ्ठावीस. कागदावर लिहून काढा. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे ओव्हल, पुढच्या-मागच्यातला फरक म्हणजे टेपर. माझी रेघ अशी आहे: अर्ध्या थाऊपर्यंत आणि पृष्ठभाग निर्मळ असेल तर पॉलिश करून चालवा, एक थाऊ झाला की साइज मारा. इंजिन उतरवलेलंच आहे तर त्या अर्ध्या थाऊसाठी जीव टांगणीला ठेवू नये.

नखाने जर्नलवरून ओढून बघा. नख अडकलं तर ओरखडा ग्राइंडिंगशिवाय जाणार नाही.

मग वाक. क्रँकची पुढची आणि मागची मेन व्ही-ब्लॉकवर ठेवा, मधल्या मेनवर डायल लावा आणि सावकाश फिरवा. डायलचा काटा दोन थाऊपेक्षा जास्त हलला तर क्रँक ग्राइंडरला आधी वाक सांगा. या तीन मेनच्या क्रँकला ही तपासणी चुकवू नये. आडवा, नुसत्या दोन टोकांवर महिनोन्‌महिने पडलेला क्रँक मला नकोच वाटतो. उभा ठेवा.

आणि तडा. मॅग्नेटिक तपासणी मिळत असेल तर सर्वोत्तम, कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी चौकशी केली की सोय सापडते. ती नसेल तर जुनी रीत वापरा. क्रँक रॉकेलने भिजवा, पूर्ण कोरडा पुसा, कोपऱ्यांवर खडूची पूड लावा आणि थांबा. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटवतं. पिन आणि वेब (पिनला मेनशी जोडणारा भाग) जिथे मिळतात तो कोपरा नीट बघा, क्रँक बहुधा तिथूनच तुटतो. तडा दिसला तर क्रँक भंगारात. त्यावर वेल्डिंगचा प्रयोग नको.

घर मोजा

आता मूळ मुद्दा. मोकळा रॉड घ्या, शेल काढा, कॅप खुणेप्रमाणे बसवा आणि ३५ फूट-पौंड टॉर्कवर आवळा. आतला व्यास बोर गेजने किंवा टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने तीन दिशांनी मोजा. या इंजिनात रॉडची कॅप तिरकी कापलेली आहे, पिस्टन-रॉड सिलिंडरमधून वर काढता यावा म्हणून. त्यामुळे उभं-आडवं याचा अर्थ रॉडच्या नाही, तर कापाच्या रेषेच्या हिशेबाने लावायचा. एक माप कापाला काटकोनात, एक कापाच्या जवळ, एक मधलं.

कापाला काटकोनातलं माप बाकी दोन मापांपेक्षा कमी आलं तर कुणीतरी कॅप घासली आहे. बेअरिंग ढिलं झालं, नवं मिळत नव्हतं किंवा परवडत नव्हतं, म्हणून कॅपच्या दोन्ही टोकांवर कानस मारून गाळा घट्ट केला. त्या दिवशी गाडी चालू झाली असेल. पण ते घर कायमचं लंबगोल झालं. आता त्यात कितीही नवं शेल घाला, आवळल्यावर शेलही लंबगोल होतं: एका दिशेला घट्ट, दुसरीकडे ढिलं. घट्ट बाजूला तेलाचा थर तुटतो, ढिल्या बाजूने प्रेशर गळतं. प्रत्येक ओव्हरहॉलनंतर त्याच सिलिंडरचा बिग एंड जात असेल तर मी सर्वात आधी ही शंका घेतो. कॅपच्या मिळणाऱ्या तोंडांवर भिंगातून बघा. कारखान्याचं मशीनिंग एकसारखं असतं, कानशीच्या रेघा वेगळ्या कळतात.

उपाय आहे. रॉड री-साइज करणारे मशिनिस्ट दोन्ही तोंडं किंचित ग्राइंड करून घर पुन्हा मूळ मापाला गोल होन करतात. ते शक्य नसेल तर दुसरा रॉड शोधा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे अजून सापडतात, पण विकत घेण्याआधी तिथेच कॅपची तोंडं बघा. नाहीतर दुसऱ्या कुणाची कानस घरी आणाल. आणि चारही रॉडचं वजन जुळवून घ्या.

मेनची घरंही तशीच. कॅप शेलशिवाय ७० फूट-पौंडवर आवळा आणि मोजा. तिन्ही घरं एका रेषेत आहेत का हे पाहायला कॅप काढून ब्लॉक उलटा ठेवा, तिन्ही खाचांवर अचूक सरळपट्टी लांबीला धरा आणि खालून फिलर गेज घालून बघा. दोन थाऊची पट्टी कुठे शिरत असेल तर ब्लॉक लाइन बोरिंगला (तिन्ही घरं एका रेषेत पुन्हा कोरायला) द्यावा लागेल. एकदा मेनचं शेल फिरलेलं असेल तर त्या घराचा गोल गेलेला असतोच, असं धरून चला. मधल्या मेनचं बेअरिंग परत परत जाण्यामागे वाकलेला क्रँक किंवा रेषेतून सरकलेलं घर यांपैकी एक जवळजवळ नेहमी असतं.

ग्राइंडरला काय सांगायचं

बेअरिंग आधी विकत घ्या, मग क्रँक ग्राइंडिंगला द्या. उलट क्रमाने केलं की दुकानात हवी ती साइज मिळत नाही आणि मिळेल त्यावर भागवावं लागतं. डब्यावर छापलंय म्हणून साइज मानू नका, शेलच्या पाठीवरचा शिक्का वाचा आणि जाडी मोजा. साध्या मायक्रोमीटरने शेलची आतली गोलाई मोजता येत नाही. बेअरिंगमधली एखादी पोलादी गोळी घ्या, तिचा व्यास मोजा, शेलच्या आत मध्यभागी ती धरून दोन्ही मिळून मोजा आणि वजा करा. दहाच्या साइजचं शेल स्टँडर्डपेक्षा पाच थाऊने जाड असायला हवं. नकली मालात हा हिशेब चुकलेला सापडतो. मोजणं शेलच्या मध्यावर करा, कारण कापाच्या बाजूला शेल मुद्दाम किंचित पातळ ठेवलेलं असतं.

शेल खऱ्या घरात टॉर्कवर बसवून आतला व्यास घ्या आणि त्यातून गाळा वजा करून ग्राइंडरला जर्नलचं माप द्या. मेनला अर्धा ते दोन थाऊ गाळा चालतो. बिग एंडला वरची मर्यादा १.६ थाऊ. समजा शेलचा आतला व्यास १.८६७२ इंच आला, तर १.८६६२ चा पिन एक थाऊ गाळा देईल. 'दहाची साइज मार' एवढंच सांगून येण्यापेक्षा हा आकडा कागदावर लिहून द्या. चांगल्या मिस्त्रीला असा कागद आवडतो.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी: कोपऱ्याची गोलाई मूळइतकीच ठेवायची, धारदार कोपरा नको. आणि तेलाच्या भोकांच्या कडा पॉलिश करून मोडायच्या. चाळीसच्या पुढे या क्रँकला साइज नाही. मूळ मापापासून ४० थाऊ खाली गेला की दुसरा क्रँक शोधायचा. म्हणून उगाच दोन साइज एकदम उडवू नका. जितक्यात पृष्ठभाग साफ होतो तितकंच काढा.

तेलाची वाट

पंपाकडून तेल फिल्टरमधून मुख्य गॅलरीत, तिथून मेनमध्ये आणि मेनमधून क्रँकच्या तिरक्या भोकांनी बिग एंडला जातं. बिग एंड सर्वात शेवटी. जी घाण वाटेत कुठेही आहे ती तिथे जाऊन थांबते.

ग्राइंडिंगहून आलेला क्रँक वरून आरशासारखा चकचकीत असतो, आणि आत ग्राइंडिंगच्या दगडाची पूड भरलेली. बंदूक साफ करण्याच्या ब्रशसारखा लांब तारेचा ब्रश घ्या, प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी रॉकेलने घासा, मग हवा मारा, मग पुन्हा घासा. पांढरं फडकं भोकातून ओढल्यावर पांढरंच निघेपर्यंत. ब्लॉकच्या गॅलरीचे प्लगसुद्धा काढा. ते निघत नाहीत म्हणून बहुतेक ठिकाणी तसेच ठेवतात आणि चाळीस वर्षांचा गाळ त्यांच्या मागे तसाच राहतो. प्लग ड्रिल करून काढावा लागला तरी काढा, नवा बसवता येतो. ब्लॉक केमिकल टाकीत बुडवून आणला तरी हे काम करावंच लागतं. टाकी गाळ मऊ करते, पूर्ण बाहेर काढत नाही.

आधीचं बेअरिंग फुटून गेलं असेल तर ऑइल पंप उघडून बघा. धातूचे कण रोटरमध्ये अडकतात आणि नव्या इंजिनात पहिल्याच मिनिटाला परत येतात.

बसवताना

गाळ्याची शेवटची खात्री प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होणारा मऊ प्लास्टिकचा धागा) करा. शेल आणि जर्नल कोरडे ठेवा, हिरव्या गेजचा तुकडा जर्नलवर लांबीला ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कवर आवळा आणि काढा. मधे क्रँक अजिबात हलता कामा नये. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघा. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर टेपर अजून आहे. पण प्लास्टिगेज हे पडताळणीचं साधन आहे. लंबगोल घर ते नेहमी पकडत नाही, म्हणून वरची मापं त्याने टळत नाहीत.

क्रँकची पुढेमागे हालचाल, म्हणजे एंड प्ले, मधल्या मेनच्या थ्रस्ट वॉशरवर ठरते. दोन ते तीन थाऊ. डायल लावून क्रँक पुढेमागे सरकवून बघा. वॉशरची खाचांची बाजू क्रँककडे ठेवायची. उलटी बसली तर व्हाइट मेटल चुकीच्या बाजूला जातं आणि क्रँकचा खांदा पोलादावर घासतो. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना दिसत असेल किंवा आवाज बदलत असेल तर हे वॉशर गेलेले आहेत.

या इंजिनाच्या मागच्या मेनला रबरी सील नाही. क्रँकवरच्या उलट्या आट्या तेल परत आत ओढतात. मागच्या मेनचा गाळा वाढला की क्रँक मध्यावर राहत नाही, आट्या निकामी होतात आणि तेल क्लचवर येतं. क्लच घसरतोय म्हणून क्लच प्लेट दोनदा बदलली आणि तरी फरक नाही, अशा गाडीत मी मागचा मेन मोजायला सांगतो.

मेनचे नट ७० आणि बिग एंडचे बोल्ट ३५ फूट-पौंड. लॉक टॅब नवेच वापरा, दुसऱ्यांदा वाकवलेला पत्रा धरत नाही. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे एकदम जड होईल तिथेच थांबा आणि ती कॅप उघडा. पुढच्या कॅप आवळून ते 'चालवल्यावर सुटेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पहिलं चालू करणं

पंपात पेट्रोलियम जेली भरा, फिल्टर तेलाने भरा. प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा. गेजवर प्रेशर दिसेपर्यंत प्लग बसवायचे नाहीत. २०डब्ल्यू-५० तेल या गाळ्यांना आपल्या हवेत योग्य पडतं. पहिल्या ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही बदला आणि जुना फिल्टर उघडून त्याची घडी पांढऱ्या कागदावर पसरा. थोडी करडी पूड असणं ठीक. चमकते तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करा, चेंबर काढा आणि ज्या बिग एंडवर आधी खूण होती तो पहिला उघडा. शेल उलटं करून पाठ बघा आणि घर पुन्हा मोजा.